गळ्याला गिटार की गिटारीला गळा?

उपासना-संगीताविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात गीतांच्या शब्दांची चर्चा पुष्कळ असते, चालींची थोडी असते आणि साथीची क्वचितच असते. गीत धर्मशिकवणुकीला धरून आहे काय, भाषा शुद्ध आहे काय, चाल उपासनेला शोभणारी आहे काय, हे प्रश्न आपण विचारतो. परंतु ते गीत कोणत्या स्वरात सुरू झाले आणि साथ करणाऱ्याने भाविकांचा आवाज आधी ऐकला होता काय, हे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका अगदी लहान वस्तूच्या निमित्ताने मांडावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे गिटारीच्या मानेवर आडवी बसवायची चिमटी. वादक तिला ‘कॅपो’ म्हणतात. ‘कापोतास्तो’ या इटालियन शब्दाचे हे लघुरूप होय.

निमित्त घडले ते असे. धाराशिव जिल्ह्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामात आगमनकाळातील एका रविवारी तरुणांच्या गायकवृंदाने नवे प्रवेशगीत बसवले होते. मुलांनी मेहनत घेतली होती. गीताच्या प्रती काढल्या होत्या, ओळींच्या डोक्यावर कॉर्डची नावे नीट लिहिली होती आणि गिटार सुरात होती. पहिली ओळ सर्वांनी म्हटली. दुसऱ्या ओळीत चाल वरच्या षड्जाकडे चढली तेव्हा मागच्या बाकांवरचा आवाज विरळ झाला, आणि अंतऱ्याला पोहोचेपर्यंत केवळ पाच मुले व एक गिटार एवढेच उरले. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध भगिनी मला म्हणाल्या, “फादर, आजचं गाणं चांगलं हुतं, पर आमच्या गळ्यात बसलं न्हाई.” त्यांनी तक्रार केली नव्हती, फक्त जे घडले ते सांगितले होते. मला मात्र त्या वाक्याने बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. ज्या प्रवेशगीताने विखुरलेल्या माणसांना एक करावयाचे, त्यानेच त्या दिवशी अर्ध्याहून अधिक माणसांना गप्प केले होते.

दोष कोणाचा, हे शोधताना पहिला संशय वाद्यावर जातो. ‘गिटार आणली की असेच व्हायचे’ असे म्हणणारे ज्येष्ठ प्रत्येक धर्मग्रामात असतात. म्हणून आधी हे पाहू की ख्रिस्तसभेने वाद्यांविषयी काय म्हटले आहे. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी काढलेल्या आदेशात पियानोला आणि ढोलासारख्या गोंगाटी वाद्यांना चर्चमध्ये मनाई केली होती. साठ वर्षांनी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवूनही, पवित्र कार्याला योग्य ठरतील अशा इतर वाद्यांना स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी करून दिली, आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य स्थान द्यावे असेही सांगितले. पुढे ५ मार्च १९६७ रोजी पवित्र संगीताविषयी जे निर्देश आले, त्यांत साथीचा हेतू अधिक स्पष्ट झाला. वाद्याने गाणाऱ्यांच्या आवाजाला आधार द्यावा, त्यांचा सहभाग सुलभ करावा, परंतु शब्द ऐकू येऊ नयेत इतके वरचढ होऊ नये, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कसोटी वाद्याच्या जातकुळीची नाही, त्याच्या वर्तनाची आहे.

गिटारीला तर आपल्या नाताळात सन्मानाची जागा फार पूर्वीच मिळालेली आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी ‘सायलेंट नाइट’ हे जगप्रसिद्ध गीत प्रथम गायले गेले. तेथील साहाय्यक धर्मगुरू योसेफ मोर यांचे शब्द आणि शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांची चाल. दोघेही गायले आणि गिटारीची साथ मोर यांनी स्वतः केली. उंदरांनी ऑर्गन कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही कथा पुढे जोडलेली दिसते. पण दोन माणसांचे आवाज आणि एक गिटार एवढ्यावर ते गीत उभे राहिले, हे खरे. मोर यांच्या हस्ताक्षरातील प्रतीत गिटारीची साथ डी या स्वरात लिहिलेली आहे. आजच्या बहुतेक उपासना-पुस्तकांत तेच गीत बी फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत काळी पाचमध्ये छापतात. गीत तेच राहिले. त्याचा षड्ज मात्र गाणाऱ्यांच्या सोयीप्रमाणे हलला, आणि त्याचे पावित्र्य त्यामुळे कमी झाले नाही.

येथे कॅपोचा विषय येतो. गिटारीच्या मानेवर आडवे पडदे असतात आणि एकेका पडद्याने स्वर अर्ध्या टप्प्याने चढतो. शिकाऊ वादकाला जमतात त्या आकृती थोड्याच असतात: सी, डी, ई, जी, ए. या आकृतींत काही तारा मोकळ्या वाजतात, म्हणून त्यांचा नाद भरीव असतो. परंतु आपले भजन ज्या पट्ट्यांत चालते त्या बहुतेक काळ्या पट्ट्या आहेत, आणि त्या पट्ट्यांत बोटे सर्व तारांवर दाबून धरावी लागतात. नवशिक्याला ते पेलत नाही. मग तो काय करतो? आपली काळी पट्टी सोडून त्याच्या हाताला सोपी असलेली पांढरी पट्टी सगळ्या चर्चवर लादतो. कॅपो ही अडचण दूर करतो. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीची आकृती धरली की काळी एक मिळते, डीची धरली की काळी दोन, जीची धरली की काळी चार, एची धरली की काळी पाच. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून ईची आकृती धरली की काळी तीन. पेटीवाल्याने पट्टी सांगावी आणि गिटारवाल्याने ती निमूटपणे घ्यावी, एवढे सामर्थ्य या चिमटीत आहे.

तथापि तिची एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. कॅपो स्वर फक्त वर चढवतो, खाली उतरवीत नाही. आमच्या त्या रविवारच्या गीताची प्रत एच्या आकृतीत, म्हणजे पांढरी सहामध्ये लिहिलेली होती. आमच्या भगिनी मात्र काळी तीनच्या आसपास गातात. म्हणजे तीन अर्धे टप्पे खाली येणे भाग होते. एची आकृती कायम ठेवून काळी तीन गाठायची तर कॅपो नवव्या पडद्यावर न्यावा लागेल, आणि तेथे गिटार खेळण्यातल्या वाद्यासारखी किणकिणते. तेव्हा वादकाला आपली सवयीची आकृतीच सोडावी लागते. त्याने ईची आकृती घ्यावी आणि कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावावा. हे गणित सोपे आहे. अवघड आहे ती त्यामागची तयारी: आधी दुसऱ्याचा गळा कोठे आहे हे ऐकायचे आणि मग आपला हात त्याप्रमाणे बदलायचा.

माझा मुख्य आक्षेप यासाठीच कागदावर लिहिलेल्या कॉर्डवर आहे. तो कागद कोणत्यातरी एका ध्वनिमुद्रणावरून, कोणा एका गायकाच्या पट्टीत उतरवलेला असतो. आता तो दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो, एवढाच फरक. त्याचा आपल्या मागच्या बाकांशी काही संबंध नसतो. माझ्या सेमिनरीच्या दिवसांत असे कागद दुर्मीळ होते. आमच्याकडे भक्तिगीतांच्या कॅसेट होत्या आणि एक जुना टेपरेकॉर्डर. सेल उतरत आले की फीत सावकाश फिरे आणि गाणे दोन पट्ट्यांच्या मधोमध कोठेतरी जाऊन बसे. मग गिटारीच्या खुंट्या पिळून ती त्या मधल्या स्वराला जुळवायची, तीच ओळ वीस वेळा मागे घ्यायची, सर्वांत खालचा स्वर कोणता हे कान लावून शोधायचे. एका गीताला दोन-दोन आठवडे लागत. त्या वेळी आम्ही त्याला गैरसोय म्हणत होतो. आज वाटते, की त्या गैरसोयीने आम्हाला ऐकावयास शिकवले. ती गैरसोय पुन्हा आणावी असे मी म्हणत नाही. मात्र ऐकण्याला पर्याय नाही, हे म्हणावेच लागेल.

कानाने साथ शोधण्याची रीत गूढ नाही. गीताची ओळ जेथे विसावते तो स्वर प्रथम गुणगुणावा. बहुतेक वेळा तो षड्ज असतो. तो गिटारीच्या सर्वांत जाड तारेवर शोधावा. मग कोणत्या आकृतीने आणि कितव्या पडद्यावरच्या कॅपोने तो सोयीने मिळतो हे पाहावे. त्यानंतर प्रत्येक शब्दाला कॉर्ड बदलण्याचा मोह टाळून, चाल खरोखर कोठे कूस बदलते तेवढेच ऐकावे. आमच्या गायकवृंदातील मुलाला मी एकच सुचवले: शनिवारी संध्याकाळी एखाद्या घरी जपमाळ होते, तेथे गिटारीशिवाय जा आणि बायका आपणहून कोणता स्वर उचलतात ते ऐक. कोणतेही वाद्य समोर नसताना समाज जो षड्ज धरतो, तोच त्याचा खरा षड्ज. तो मुलगा तीन शनिवार गेला. तिसऱ्या वेळी परत आला तेव्हा त्याने काळी तीन सांगितली.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. आपल्या चालींना आपण ज्या कॉर्ड लावतो त्या चालीच्या आहेत काय? तीन कॉर्डमध्ये कोणतेही गाणे बसते, अशी एक समजूत मुलांमध्ये रूढ आहे. भूप रागाच्या चालीवर ती तपासून पाहू. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. आता नेहमीच्या तीन कॉर्ड घ्या. पहिलीत सा, ग, प आहेत, ती ठीक. दुसरी मध्यमावर उभी असते, तीत म, ध, सा येतात. म्हणजे वर्ज्य मध्यम आत शिरला. तिसरी पंचमावर उभी असते, तीत प, नि, रे. म्हणजे वर्ज्य निषादही आला. गाणारे भूप गात आहेत आणि गिटार त्यांच्या कानात बिलावल ओतत आहे, अशी ही स्थिती. ऐकणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण काहीतरी उपरे झाले हे जाणवते. याच ठिकाणी वादकाने कान वापरला तर त्याला कळेल की धैवतावरची कॉर्ड (ध, सा, ग) भूपाच्या घरातलीच आहे, आणि पंचमाची जागा आली तर मधला निषाद गाळून केवळ प आणि रे या दोन स्वरांवर भागते. जीच्या आकृतीत याचा अर्थ जी, ई मायनर आणि मधला स्वर वगळलेली डी. पहिल्या पडद्यावर कॅपो लावला की तेच काळी चारमध्ये मिळते. नवशिक्यालाही हे जमण्याजोगे आहे.

भैरवीचे उदाहरण याहून बोलके आहे. आपली कित्येक करुण गीते, विशेषतः क्रूसाच्या वाटेची, भैरवीच्या वळणाने जातात. त्यांना सरावाने पंचमावरची मेजर कॉर्ड लावली की शुद्ध निषाद येतो आणि भैरवीच्या कोमल निषादाशी त्याची टक्कर होते. भैरवीत बाराही स्वर घेण्याची मोकळीक गायक घेतात हे मान्य. पण ती मोकळीक गायकाची, जागा पाहून घेतलेली. वादकाने प्रत्येक ओळीच्या शेवटी ती ठोकून बसवणे निराळे. येथे ई हा षड्ज धरला तर प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असलेली एफ मेजर ही कॉर्ड नेमकी कोमल रिषभ, मध्यम आणि कोमल धैवत या स्वरांची बनते. भैरवीचा सारा उसासा तीत आहे. ई मायनर आणि एफ या दोनच कॉर्ड आलटून पालटून वाजवल्या आणि कॅपो गाणाऱ्यांच्या पट्टीला लावला, की गीत आपल्या घरी येते.

कमी स्वरांत मोठे काम करणे ही तर आपल्या मातीची जुनी रीत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे छापून प्रसिद्ध केलेले ख्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्यांनी ओवी निवडली, कारण ती लोकांच्या तोंडी होती. जात्यावरची ओवी चार-पाच स्वरांच्या आत फिरते आणि दगडाच्या गतीने चालते. पुण्यातील गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. इतका मोठा आशय त्या चार-पाच स्वरांत सामावला आहे. आमच्या जिल्ह्यात तुळजापूरला गोंधळी ज्या तुणतुण्यावर रात्र जागवतात त्याला एकच तार असते. ती एक तार षड्ज धरून ठेवते आणि बाकीचे सारे गळा आणि संबळ करतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मधील आपल्या बाप्तिस्म्यानंतर अभंगाची आणि पदाची वाट ख्रिस्ती उपासनेसाठी रुंद केली, तेव्हा त्यांनीही याच परंपरेवर विश्वास टाकला. अशा गीतांना गिटारीने साथ करावयाची तर तिने आधी तुणतुण्याकडून धडा घ्यावा. कॅपो लावल्यावर ज्या तारा मोकळ्या राहतात, त्या षड्ज-पंचम धरून तानपुऱ्यासारख्या गुंजत राहू शकतात. पुष्कळ वेळा तेवढी साथ पुरते.

यावर कोणी म्हणेल, की गिटार मुळातच परकी, तिने भारतीय होण्याचा खटाटोप का करावा? उत्तर आपल्या पेटीकडे आहे. ज्या हार्मोनियमशिवाय आज कीर्तन-भजन सुचत नाही, तिचे पेटंट अलेक्झांद्र दबाँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसला घेतले. ती भारतीय संगीताला मारक आहे, तिला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. आक्षेप खोटे नव्हते. पण त्याच काळात कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी त्या मर्यादित वाद्यातून काय काढून दाखवले, हेही खोटे नव्हते. वाद्य आपले होते ते वादकाच्या कानामुळे.

गोमंतकाचा अनुभवही तेच सांगतो. पोर्तुगीज काळापासून तेथील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवली जाई. त्या शाळांतून तयार झालेले ख्रिस्ती वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. तेथे संगीतकार चाल गुणगुणे आणि हे वादक तिला स्वरलिपीत उतरवून तिच्याखाली साथ रचत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी भारतीय रागांना पाश्चात्य वाद्यवृंदाच्या चौकटीत नेण्याचा ध्यास घेतला होता. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातून त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले. हे लोक कागदावर पक्के होते. पण आधी ते ऐकत आणि मग लिहीत. आपल्या मुलांच्या हाती आज कागद आधी येतो. आपल्या प्रांतात अंधेरीच्या ज्ञान आश्रमाचे फादर जॉर्ज प्रॉक्श आणि त्यांच्यानंतर फादर चार्ल्स वास यांनी रागाधारित ख्रिस्ती भजने रचून चालीचा मार्ग दाखवला. साथीचा मार्ग आपण अजून शोधत आहोत.

येथवर लिहून झाल्यावर मला माझ्या स्वतःच्या एका चुकीचा हिशेब दिला पाहिजे. काही वर्षांपूर्वी, देशीकरणाच्या उत्साहात, गिटार बाजूला ठेवून हलगी मिस्सामध्ये आणावी असे मी ठरवले. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांचे वडील आणि आजोबा हलगी वाजवीत. मी मोठ्या आनंदाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मला बसवले, चहा दिला आणि शांतपणे सांगितले, “फादर, हलगी खाली ठिवली तवा पोरं शाळंत गेली. आता ती पुन्यांदा चर्चमदी कशापायी?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्या वाद्याला मी ‘आपली परंपरा’ म्हणत होतो, ते वाजवणे त्यांच्या घराण्यावर जातीने लादलेले काम होते. लग्नात वाजवायचे आणि पंगतीपासून दूर बसायचे, असा त्याचा इतिहास होता. त्यांच्या नातवाने गिटार उचलली तेव्हा, तिला जात चिकटलेली नाही, हेही एक कारण होते. सेमिनरीत देशीकरणावर आम्ही पुष्कळ वाचले होते; पण वाद्याबरोबर माणसाचा अपमानही येऊ शकतो, हे त्या घरातल्या चहाने शिकवले. तेव्हापासून ‘गिटार परकी’ हे वाक्य मी उच्चारत नाही. कोणाला काय परके वाटावे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा आहे. ज्यांना हलगी अभिमानाने वाजवायची आहे त्यांनी ती अवश्य आणावी. परंतु तो निर्णय त्यांचा असावा, धर्मगुरूच्या सौंदर्यदृष्टीचा नव्हे.

त्याच नातवाने, शनिवारच्या जपमाळेला जाणाऱ्या त्या मुलाने, पुढे एक गोष्ट केली. आजोबा अंगणात एक जुने भजन गुणगुणत, त्याची चाल कोठे छापलेली नव्हती. त्याने ती त्यांच्याजवळ बसून कानाने उचलली, त्यांच्या थकलेल्या गळ्याची पट्टी शोधली, कॅपो लावला आणि अवघ्या दोन कॉर्डमध्ये साथ बसवली. अर्पणगीत म्हणून ते भजन चर्चमध्ये आले तेव्हा मागचे बाक शेवटच्या ओळीपर्यंत गात होते. त्याचा उजवा हात तारांवर ज्या लयीने पडत होता ती लय मला ओळखीची वाटली. मी त्याला काही विचारले नाही. आजोबांनीही काही म्हटले नाही. पण ते ताल धरून बसले होते.

एवढ्याने कॅपो म्हणजे सर्व रोगांवरचे औषध ठरत नाही. त्याचेही दोष आहेत. तो फार वर चढवला की वाद्याचा खर्ज जातो. चिमटी घट्ट बसली की तारा किंचित चढतात आणि पुन्हा जुळवाव्या लागतात. ते न करणारे वादक पुष्कळ. एकाच आकृतीवर जन्मभर भागवण्याची आळशी सवयही त्याने लागते. आणि कॅपो काहीही करो, गिटारीचे पडदे समान स्वरांतरांनी बांधलेले आहेत, भैरव रागातल्या आंदोलित कोमल रिषभाची जागा त्यांत नाही. अशा ठिकाणी वादकाने हात उचलावा आणि गळ्याला मोकळे सोडावे. उपवासकाळात ख्रिस्तसभा काही सणांचा व चौथ्या रविवारचा अपवाद सोडून वाद्यांना केवळ गायनाच्या आधारापुरती परवानगी देते. तरुणांना तो निर्बंध वाटतो. मला वाटते, साथीदाराला त्याहून चांगली शाळा नाही. त्या चाळीस दिवसांत गिटारीला स्वतःसाठी काही बोलायचे नसते. आधार द्यायचा आणि थांबायचे, हे शिकून जो ईस्टरला पोहोचतो त्याचे वादन वर्षभर निराळे राहते.

जानेवारी २०२० मध्ये आमच्या याच शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०२४ मध्ये ते प्रभुघरी गेले. एका कॅथलिक धर्मगुरूने मराठीच्या व्यासपीठावर घरच्या माणसासारखे उभे राहावे, यामागे भाषेचे दीर्घ ऐकणे होते. शब्दांच्या बाबतीत आपण ते ऐकणे पुष्कळ केले आहे. स्वरांच्या बाबतीत ते अजून बाकी आहे.

आमच्या जिल्ह्यात तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कुंभार मडक्याची परीक्षा डोळ्यांपेक्षा कानाने करतो. ठोकले की पक्के मडके आपला नाद सांगते. गिटार घेऊन वेदीजवळ बसणाऱ्या प्रत्येक तरुणाकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. पहिली कॉर्ड वाजवण्यापूर्वी त्याने क्षणभर थांबावे आणि समोरच्या माणसांचा नाद ऐकावा. त्यांचा षड्ज सापडला की चिमटी कितव्या पडद्यावर लावायची ते त्याला आपोआप कळेल. आणि मागच्या बाकावरच्या त्या भगिनींना गीत पुन्हा गळ्यात बसल्यासारखे वाटेल.